बोलण्याआधीच उठलेला काटा

माझे बाबा त्या महिन्यात रोज सकाळी बिघडलेल्या रेडिओसेटसमोर बसून हजेरी देत होते. हेडफोन कानाला, पाठ ताठ, हातात माईक. पलीकडून त्यांचं कॉलसाइन पुकारलं जायचं. कॉलसाइन म्हणजे परवान्यावरची अक्षरं आणि आकडा. हौशी रेडिओवाल्यांमध्ये माणूस त्याच नावाने ओळखला जातो. बाबा बटण दाबायचे, कॉलसाइन सांगायचे, महूचं हवामान सांगायचे, तब्येत ठीक आहे म्हणायचे आणि 'ओवर' म्हणून बटण सोडायचे. सेटचा ऐकायचा भाग ठणठणीत होता, बोलायचा भाग मेला होता. पलीकडचा माणूस दोन-तीनदा पुकारून पुढच्या नावाकडे वळायचा आणि बाबा तेही ऐकत बसायचे.

मी इंदूरला विजय नगरात राहते, शनिवार-रविवार महूला घरी जाते. त्या महिन्याच्या सुरुवातीला मला जायला जमलं नव्हतं; हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला. वाईट वाटलं की मला आधी राग येतो, हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे.

"बाबा, आवाज जातच नाहीये ना? मग बोलता कशाला?"

"नाम पुकारलं की जवाब द्यायचा," बाबा म्हणाले. "पोहोचतो की नाही, तो सेटचा मामला आहे."

बाबा फौजेत टेलिफोन एक्स्चेंजचे मेकॅनिक होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. आजोबाही फौजेतलेच. महूत आमच्यासारखी मराठी घरं पुष्कळ आहेत, छावणीच्या आधाराने आली आणि तिथलीच होऊन गेली. निवृत्तीनंतर बाबांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला आणि देशभर विखुरलेल्या जुन्या फौजी मंडळींच्या सकाळच्या हजेरीत सामील झाले. तिथे एक नियम आहे. महिनाभर ज्याचा आवाज एकदाही आला नाही, त्याचं नाव पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुकारत नाहीत. फोन करून कळवलेलं चालत नाही, आवाज हवेतूनच आला पाहिजे. आई म्हणायची, "ह्यांना माझी हाक स्वयंपाकघरातून ऐकू येत नाही, जबलपूरची बराबर येते."

"नाव निघालं तर पुन्हा लावता येत असेल की," मी म्हटलं.

"येतं," बाबा म्हणाले. "पण लावायला कोणी परत आला नाही आजपर्यंत. मी पाहिलंय ना."

ते एवढंच बोलले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. महिना निम्मा सरला होता. मी पेचकस घेतला आणि सेट उघडला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी रेडिओ सर्किटची इंजिनिअर आहे. ऐकायला भारी वाटतं, पण ऑफिसात माझं बरंचसं काम म्हणजे तयार मॉड्यूल निवडायचं, बोर्डावर बसवायचं आणि चालत नसेल तर विकणाऱ्याला ईमेल करायचा. शून्यापासून अॅम्प्लिफायर उभा करायचा, आपल्या हाताने कॉइल गुंडाळायची, हे कॉलेजनंतर जवळजवळ सुटलंच होतं. बाबांच्या सेटचा शेवटचा टप्पा, म्हणजे आवाजाला अँटेनापर्यंत ढकलण्याची ताकद देणारा अॅम्प्लिफायर, जळून काळा पडला होता आणि त्यातला ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही. ते पाहून खरं म्हणजे मी हळहळायला हवं होतं. माझे हात मात्र शिवशिवायला लागले. हा टप्पा मी नवा बनवणार, माझ्या डोक्यातून, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुढचे दिवस मी हवेत होते. सिटी बसमध्ये बसले तरी डोक्यात आकडेमोड चालू. ट्रान्झिस्टर म्हणून मी एक साधासा घेतला, जो लोक पॉवर सप्लायमध्ये वापरतात, कारण तो कुठेही मिळतो आणि मार सोसतो. त्याला किंचित जागं ठेवावं लागतं, त्याला बायस म्हणतात. अगदी झोपवून ठेवला तर हळू बोललेलं कापून टाकतो, फार जागा ठेवला तर काम नसतानाही तापत बसतो. मधली ती जागा सापडली की आवाज जसा आत जातो तसाच मोठा होऊन बाहेर येतो. मग जुळणी. ट्रान्झिस्टरला जे ओझं झेपतं ते आणि गच्चीवरच्या अँटेनाचं ओझं सारखं नसतं. मध्ये एका काळ्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळून दोघांची सोयरीक जमवायची असते. एक वेटोळं जास्त झालं तरी गणित बदलतं. मी ते कडं तीनदा उकललं आणि तिन्ही वेळा मला मजा आली.

आमच्या साहेबांनी दुपारच्या सुट्टीत बेंच वापरायची परवानगी दिली होती. ऑफिसात स्पेक्ट्रम अॅनलायझर आहे. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद निघते आहे, ते हे यंत्र पडद्यावर उभ्या रेघांनी दाखवतं. मी माझा उघडा बोर्ड टेबलावर ठेवला, आत सिग्नल दिला आणि पडद्याकडे पाहिलं. सात मेगाहर्ट्झला, जिथे बाबांची हजेरी चालते बरोब्बर तिथे, एक उंच रेघ. बाकी सगळा पडदा सपाट. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, अगदी वर हजार मेगाहर्ट्झपर्यंत जाऊन आले. सपाट. शेजारच्या बेंचवरचा मुलगा डबा सोडून उठून आला.

"भिया, ये तो एकदम साफ है," तो म्हणाला. इंदूरमध्ये बाईमाणसालाही भिया, म्हणजे भैया, म्हणतात आणि त्या दिवशी मला तो शब्द फारच गोड लागला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी बोर्ड घेऊन महूला गेले. बाबांनी तो हातात घेऊन खालीवर पाहिला, वेटोळी मोजली आणि म्हणाले, "आता तू हट. डब्यात मी बसवतो. वायरिंग माझी."

मी हटले. बाबांना त्यांच्या वाटणीचं काम मिळालं ह्याचाच मला केवढा आनंद. आईबरोबर बाजारात गेले, जेवले, दुपारी मस्त झोप काढली. बाबा दिवसभर टेबलाशी होते. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि मी पाहतच राहिले. त्यांनी लेसिंग केलं होतं. म्हणजे सगळ्या तारा एकत्र घेऊन त्यांची एक जुडी करायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने सारख्या अंतरावर गाठी मारत ती बांधून काढायची. एक्स्चेंजमध्ये त्यांनी आयुष्यभर हेच केलं. नव्या पोरांना शिकवायला त्यांची जुडी दाखवायचे, असं आईने मला किती वेळा सांगितलं होतं. बोर्डाच्या कडेकडेने ती जुडी जात होती, कोपऱ्यावर काटकोनात वळत होती आणि प्रत्येक तार जिथे उतरायची तिथेच नेमकी उतरत होती. पॉवरची तार, स्विचची तार, आत येणारा सिग्नल, बाहेर जाणारा सिग्नल, सगळे एका ओळीत.

"बाबा, काय सुंदर झालंय," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

सेटवर एक मीटर आहे, त्याचा काटा किती ताकद बाहेर जाते ते दाखवतो. बाबांनी माईक उचलला, बटण दाबलं आणि काटा सरसरत वर गेला. ऑफिसात मी मोजलं होतं त्याहूनही पुढे. बाबांनी घसा साफ करून 'टेस्टिंग' म्हणेपर्यंत काटा तिथे पोहोचून उभासुद्धा राहिला होता. मी टाळ्या वाजवल्या. आईने शेव-चिवड्याची बशी आणून ठेवली. बाबा काट्याकडे बघत हसत होते, आणि त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

रविवारी सकाळी आम्ही तिघंही सेटसमोर बसलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून सेटचा स्पीकरही लावला होता. नावं पुकारली जात होती, उत्तरं येत होती, आणि मग बाबांचं कॉलसाइन आलं. बाबांनी बटण दाबलं. काटा उभा. त्यांनी सगळं नीट, सावकाश सांगितलं आणि 'ओवर' म्हणून सोडलं.

पलीकडून पुन्हा तेच कॉलसाइन पुकारलं गेलं.

बाबांनी पुन्हा उत्तर दिलं. मग तिसऱ्यांदा. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "महू से कुछ सुनाई नहीं दे रहा. कल आख़िरी दिन है, कल फिर देखेंगे," आणि पुढचं नाव घेतलं. बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू मेहनत केली, बस."

ते 'बस' ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी गच्चीवर गेले, अँटेनाचा प्रत्येक सांधा ओढून पाहिला. ठीक होता. खाली येऊन केबल तपासली. ठीक होती. मी हवेला शिव्या दिल्या, रेडिओच्या लाटा बिघडवणाऱ्या सूर्याला दिल्या, पलीकडच्या गृहस्थांच्या कानांना दिल्या. आई म्हणाली, आधी पोहे खा, मग शिव्या दे. मी जिन्यात बसून पोहे खात होते आणि तेवढ्यात फाटकातून शेजारच्या काकू आल्या. ह्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळपासून एफएम रेडिओ चालू असतो.

"बेटा, तुम्ही लोक काय चालू केलं आहे कल से?" त्या म्हणाल्या. "माझं गाणं बीच बीच में बंद होऊन जातं. आत्ता पण झालं, तीन बार."

"सॉरी काकू. खरखर येते का?"

"खरखर कसली? एकदम चुप. जसा कोणी तोंडावर हाथ ठेवला."

पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच राहिली. "एकदम चुप? पक्कं? गाण्याच्या मागे आवाज पण नाही?"

"अरे सांगते ना, सन्नाटा."

मी उठून काकूंना मिठी मारली. त्या तक्रार करायला आल्या होत्या, बिचाऱ्या गोंधळून गेल्या. मी त्यांना म्हटलं, काकू, तुमचा रेडिओ आणा, आत्ताच्या आत्ता आणा. त्या रेडिओ घेऊन येईपर्यंत मी जिन्यात नुसती नाचत होते.

रेडिओ टेबलावर ठेवला, गाणं लावलं. "बाबा, बटण दाबा. बोलू नका, फक्त दाबा."

बाबांनी दाबलं. गाणं गप्प. सोडलं, गाणं चालू. दाबलं, गप्प. काकू बाबांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

"आता काटा बघा बाबा," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलताय का?"

काटा वर उभा होता आणि बाबांचं तोंड मिटलेलं होतं.

ह्या हजेरीवर ज्या पद्धतीने बोलतात, त्यात माणूस बोलेल तेवढीच ताकद बाहेर जाते. तोंड बंद, तर काटा खाली. हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी आदल्या संध्याकाळी काटा बोलण्याआधीच उठला, मी डोळ्यांनी पाहिला आणि वर टाळ्या वाजवल्या. मीटर फक्त किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. आमचा अॅम्प्लिफायर बाबांचा आवाज मोठा करायचं सोडून स्वतःच किंचाळत होता, आणि तेही सात मेगाहर्ट्झला नाही, कितीतरी वर, काकूंच्या गाण्याच्या जागी. एफएम रेडिओ त्याच्या जागी जो सर्वांत जोरात असेल त्याचंच ऐकतो. आमची लाट जोरात होती आणि रिकामी होती, म्हणून रेडिओ रिकामं ऐकत होता. पुढे नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर होता, पण इतक्या वरची लाट त्याच्या वेटोळ्यांवरून उडी मारून पलीकडे जाते. खरखर झाली असती तर मी अजून दहा कारणं शोधत बसले असते. काकूंच्या सन्नाट्याने मला थेट पत्ता सांगितला.

पण मग ऑफिसात पडदा सपाट कसा होता? ट्रान्झिस्टर तोच, कॉइल त्याच, बायस तोच. मी डब्याचं झाकण काढलं आणि उत्तर माझ्यासमोर काटकोनात वळून बसलं होतं.

लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर नेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा शिरतो. आमच्या डब्यात तेच चाललं होतं. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार बाबांनी एका जुडीत अंगाला अंग लावून बांधली होती. टेलिफोनच्या कामात अशा तारा शेजारी निवांत नांदतात. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला प्रत्येक तार थोडीशी कॉइल असते आणि शेजारच्या दोन तारा मिळून थोडासा कॅपॅसिटर, म्हणजे न चिकटताही एकीतला सिग्नल दुसरीत जातो. बाहेर निघालेली ताकद त्या जुडीतून मागच्या दाराने आत येत होती. मी रोज ऑफिसात पोरांच्या बोर्डांवर ह्याच गोष्टीला लाल खुणा करते. इथे बाबांच्या गाठी बघून मी हरखून गेले होते.

आता हे बाबांना कसं सांगायचं? मी झाकण हातात घेऊन उभी राहिले.

"क्या हुआ, बोल ना," बाबा म्हणाले.

"बाबा, ही आणि ही तार एकमेकींजवळ नको," मी बोटाने दाखवलं. "ही बाहेरचं घेऊन आत देते आहे. म्हणून तो किंचाळतो."

बाबा वाकले. चष्मा वर केला, जुडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "म्हणजे लेसिंगची वजह से."

"एक्स्चेंजमध्ये ते बरोबरच होतं बाबा. ही फ्रिक्वेन्सी वेगळी आहे."

"जुडी ठेवून होईल का? बीच में काही घालून?"

मी अर्धा क्षण विचार केला की हो म्हणावं, काहीतरी जुगाड करून बघावा. पण हाताशी ऑफिसचं यंत्र नव्हतं आणि महिन्याची एकच सकाळ उरली होती. "नाही," मी म्हटलं. "उघडावी लागेल. सगळी."

आई दारात उभी होती. मला रडू यायला लागलं होतं आणि ते मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी ब्लेड शोधायच्या निमित्ताने खण उपसत बसले. मागे वळले तर बाबांनी आपल्या खिशातली छोटी कात्री काढली होती. पहिली गाठ त्यांनी कापली. मग दुसरी. मेणाचा दोरा वेटोळं होऊन टेबलावर पडत गेला आणि ते एकेक तार मोकळी करून माझ्या हातात देत गेले.

तिथून पुढे आम्ही दोघांनी मिळून केलं. आत येणारी तार डावीकडून, अगदी आखूड. बाहेर जाणारी उजवीकडून, जाळीचं कवच असलेली केबल घालून. मध्ये डब्याच्या पत्र्याची एक भिंत. ट्रान्झिस्टरच्या पायात मी एक बारीकसा मणी ओवला. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो अडवतो आणि आमच्या फ्रिक्वेन्सीला जाऊ देतो. काम संपलं तेव्हा डब्याच्या आत कावळ्याचं घरटं झालं होतं.

"दिसायला बेकार आहे," बाबा म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

काकूंचा रेडिओ गात होता. बाबांनी बटण दाबलं. गाणं चालूच राहिलं, काटा तळाशी पडून राहिला. मग बाबा म्हणाले, "हॅलो." काटा उडाला आणि खाली आला. "एक, दोन, तीन." तीनदा उडाला. बाबा हळू बोलले तर थोडा, जोरात बोलले तर जास्त, बोलायचे थांबले तर गप्प. मी काकूंचे हात धरून त्यांना गोल फिरवलं. बाबांनी पाढे म्हणायला सुरुवात केली, उगाच, काटा नाचताना बघायला मिळतो म्हणून, आणि आई हसून हसून खुर्चीत बसली. शून्यापासून काढलेलं सर्किट माणसाच्या आवाजाबरोबर हलताना पाहणं, ह्याच्याएवढा आनंद मला माझ्या धंद्यात दुसरा माहीत नाही.

सोमवारी मी ऑफिसला सुट्टी टाकली. महिन्याचा शेवटचा दिवस होता. काकूही आल्या होत्या, रेडिओ घरी बंद करून. नावं सुरू झाली. काटा नाचला म्हणजे आवाज पोहोचलाच असं नसतं, हे मला आता कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबांचं कॉलसाइन पुकारलं गेलं.

बाबांनी उत्तर दिलं. हवामान सांगितलं. तब्येत ठीक. ओवर.

पलीकडे काहीच नाही. मग खोलीत त्या गृहस्थांचा आवाज आला, आदल्या दिवसापेक्षा जरा घाईत, "महू, फिर से बोलिए. फिर से."

बाबांनी तेच पुन्हा सांगितलं.

"सुन रहे हैं आपको! साफ़ सुन रहे हैं," ते म्हणाले, आणि त्यांच्या मागोमाग दुसरा कुणीतरी, मग तिसरा, नियम मोडून एकमेकांवर बोलायला लागले. जबलपूरचे, नागपूरचे, कुठले कुठले. आईने माझा दंड धरला होता. गलका थांबल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "इतने दिन कहाँ थे सूबेदार साहब? सेट नया लिया क्या?"

बाबांनी बटण दाबलं. काटा खालीच होता. काय बोलावं ते ठरवायला त्यांना वेळ लागत होता आणि तेवढा वेळ काटा हलला नाही.

"नया नहीं है," ते म्हणाले. "आख़िरी स्टेज बेटी का डिज़ाइन है. वो पहले दिन से सही था. वायरिंग मैंने बांधी थी, ग़लत बांधी थी, कल खोल दी. ओवर."

त्यांनी बटण सोडलं, माझ्याकडे न बघता हेडफोन नीट केला, आणि पलीकडून पुढचं नाव पुकारलं गेलं.